पंखा सुरू होईपर्यंत इंधन नाही

मिठाच्या खाणीतल्या भिंती पांढऱ्याशुभ्र असतील, असं बाहेरच्या माणसाला वाटतं. असतातही, पण चार दिवस. सुरुंगानं नवी मोकळी झालेली भिंत दिव्याच्या उजेडात साखरेसारखी चमकते, आणि महिन्याभरात तव्याच्या पाठीसारखी होते. जमिनीखाली दोनशे मीटरवर अकरा लोडर दिवसभर डिझेल जाळत मीठ उचलायचे. त्यांचा धूर दालनादालनांतून फिरत, भिंतींना आणि माणसांना चिकटत, मिळेल त्या वाटेनं वरच्या तीन पंख्यांकडे ओढला जायचा. त्यातला किती वर पोचायचा आणि किती खालीच मुक्काम करायचा, हे कुणी मोजलं नव्हतं.

मोजायचं मनावर घेतलं ते थेंबाताईनं.

लिफ्टच्या मनोऱ्याला टेकून पत्र्याच्या छपराची एक लांबट खोली होती, तो इंधन कक्ष. अर्ध्या खोलीत पंप, नळ्या आणि टाक्यांचे व्हॉल्व्ह. उरलेल्या अर्ध्यात स्वयंपाकघरातल्या ओट्याएवढं टेबल. त्यावर काचेची भांडी, एक तापमापक आणि एक जुना तराजू. कागदोपत्री याच टेबलाला प्रयोगशाळा म्हणत. थेंबाताई बाविसाव्या वर्षी इथे बाटल्या धुवायला लागली. तेव्हाच्या रसायनतज्ज्ञांचे हात थरथरायचे. एकदा त्यांनी काचेच्या नळीची तोटी तिच्या हातात दिली आणि म्हणाले, "रंग बदलला की थांब." ती बरोबर त्या थेंबाला थांबली. दुसऱ्यांदाही, दहाव्यांदाही. तेव्हापासून तिचं खरं नाव फक्त हजेरीपुस्तकात उरलं. ते गृहस्थ निवृत्त झाले, त्यांच्या जागी नवा माणूस येणार येणार म्हणता वीस वर्षं गेली, आणि मदतनीस म्हणून लागलेली बाई मदत करायला दुसरं कुणी नसतानाही मदतनीसच राहिली.

स्वभावानं ती चिवट होती. लहानपणी तिची आई म्हणायची, ही पोरगी 'हो' म्हणायला जन्मलीच नाही. पाणी मिसळलेलं डिझेल घेऊन आलेले दोन टँकर तिनं दारातून परत पाठवले होते. दुसऱ्या वेळी टँकरवाला म्हणाला होता, "बाई, एवढं पाणी तर दूधवालाही घालतो." ती म्हणाली, "दूध मी उकळून पिते. हे उकळून दाखवा."

तिचा नवरा एकोणीस वर्षं सात नंबरच्या लोडरवर होता. रोज घरी आला की आधी मोरीत जाऊन खाकरायचा, आणि पाणी काळं वाहायचं. संसारातल्या इतर आवाजांसारखाच तो आवाजही तिच्या कानांना सवयीचा झाला होता. मग एका वर्षी त्याला दोन जिने चढवेनात. डॉक्टरांनी फोटो काढला, उजेडासमोर धरला आणि विचारलं, "दिवसाला किती विड्या?"

"आयुष्यात एकही नाही," नवरा म्हणाला. "मी नाही ओढल्या डॉक्टर. लोडर ओढायचा, मी मागे बसायचो."

डॉक्टर हसले नाहीत. खाणीनं त्याला वरच्या फाटकावर बसवलं, आणि सात नंबरवर त्याचा धाकटा भाऊ, म्हणजे थेंबाताईचा दीर, बसला. एकाच घरातून एकाच खुर्चीवर दुसरा माणूस. पहिल्याच आठवड्यात दीर जेवायला आला. जेवण्याआधी मोरीत गेला आणि खाकरला. थेंबाताई पोळी लाटत होती. ती लाटायची थांबली.

"भाऊजी, तोंडाला पंचा बांधत नाही का?"

"बांधतो की वहिनी. पंचा बांधून हे असं आहे."

दुसऱ्या दिवशी तिनं कपाटातून जुन्या रसायनतज्ज्ञांची वही काढली. वनस्पती तेलापासून इंजिनासाठी इंधन करता येतं, यावर त्यांनी दोन पानं खरडून ठेवली होती. तेल तापवायचं, त्यात मिथेनॉल आणि कॉस्टिक सोडा मिसळायचा, ढवळायचं, ठेवून द्यायचं. खाली दाट, काळपट ग्लिसरीन बसतं आणि वर पातळ, सोनेरी इंधन राहतं. त्याच्या रेणूतच थोडा प्राणवायू असतो, म्हणून ते जास्त पुरतं जळतं आणि काजळी कमी धरतं. गंधक जवळजवळ नाही. आणि सहजासहजी पेट घेत नाही. साधं डिझेल साठ अंशांच्या आसपास ज्योत पकडतं. हे दीडशेच्या पुढे. जमिनीखाली वापरायला आणखी काय हवं?

तेलाला तोटा नव्हता. खाणीच्या उपाहारगृहात तिन्ही पाळ्यांसाठी कढई चढलेली असायची, आणि जळकं तेल मागच्या गटारात जायचं. तिनं आचाऱ्याकडे डबा नेला.

"कशाला हवंय?" आचाऱ्यानं विचारलं.

"इंजिनाला घालायचंय."

आचारी जरा विचारात पडला. "खाऊन तक्रार करणार नसेल तर न्या," तो म्हणाला.

पहिला घाणा तिनं छपराबाहेर उघड्यावर, वाऱ्याच्या बाजूला उभं राहून केला, कारण मिथेनॉलची वाफ विषारी. झाला तो साबण. असा घट्ट, की त्यात पळी उभी राहिली. फाटकावरून नवरा बघत होता. "धुणं उरकून घे त्यातच," तो म्हणाला. ती चिडली, पण स्वतःवर. तळून तळून तेल आंबट होतं, त्यातलं आम्ल आधी मोजायला हवं होतं. आणि मोजणं हेच तर तिचं काम. दुसऱ्या वेळी तिनं तेलातलं पाणी उकळून घालवलं, आम्ल थेंब मोजून ठरवलं, तेवढंच कॉस्टिक जास्त घातलं. सकाळी बरणीत दोन थर स्वच्छ वेगळे दिसले. वरचा थर तिनं पाण्यानं पाच वेळा धुतला, पाणी नितळ येईपर्यंत. मग दाटपणा, घनता, पेट घेण्याचं तापमान, एकेक मोजलं. सगळं जिथे हवं तिथे होतं.

मोठे साहेब, म्हणजे खाणीचे व्यवस्थापक, वाईट माणूस नव्हते. उत्पादनाचा आकडा सोडून दुसरं काही त्यांच्या डोक्यात फार वेळ टिकत नसे, एवढंच. बरणी त्यांनी टेबलावर फिरवून पाहिली.

"म्हणजे आमच्या लोडरला तुम्ही खरकटं तेल पाजणार."

"आत्ता जे पाजतोय त्याचा धूर माणसं पितात, साहेब."

"थंडीत गोठेल हे."

"वर गोठेल. खाली बारा महिने हवा सारखीच असते. पिंपं खाली ठेवू. लवकर पेट घेत नाही, त्यामुळे खाली ठेवायला डिझेलपेक्षा बरं."

तिच्याकडे उत्तर तयार आहे हे बघून साहेबांना कंटाळा आला. त्यांनी सात नंबर देऊन टाकला, अर्धं डिझेल आणि अर्धं हे अशा मिश्रणावर. सात नंबर सगळ्यांत जुना. तो बंद पडला तरी कुणी रडणार नव्हतं, आणि पडला की बाईही गप्प बसेल, असा हिशेब असावा.

तिसऱ्या दिवशी तो पडलाच. मुख्य बोगद्याच्या मधोमध, भरलेल्या बादलीसकट. मागे चार लोडर अडकले, निम्मी पाळी वाया गेली. खाणभर एकच हशा. उपाहारगृहात कुणी तरी म्हणालं की इंजिनाला अपचन झालं. साहेबांनी एक कागद लिहून आणला: इंधन सदोष आढळल्याने प्रयोग बंद. खाली तिच्या सहीची जागा.

"इंधन सदोष आहे हे कुणाला आढळलं?" तिनं विचारलं.

"लोडर बंद पडला, बाई."

"तो का बंद पडला ते आधी बघू."

सात नंबरचा फिल्टर काढून तिनं कार्यशाळेतल्या टेबलावर ठेवला आणि पत्र्याच्या कात्रीनं उभा चिरला. भोवती सगळे मिस्त्री जमले होते. आतल्या कागदी घड्यांत काळा, डांबरासारखा चिखल भरला होता. तिनं बोटावर घेऊन तो सगळ्यांना दाखवला.

"हे माझ्या इंधनात नव्हतं. हा तुमच्या टाकीतला वीस वर्षांचा गाळ आहे. डिझेलनं तो तळाशी बसू दिला होता. हे इंधन साबणाचं भावंड. टाकी धुऊन काढली त्यानं आणि सगळी घाण फिल्टरमध्ये आणून घातली." मग ती साहेबांकडे वळली. "माझीही चूक आहे. टाकी आधी साफ करून घ्यायला सांगायला हवं होतं, नाही सांगितलं. तेवढं लिहा, सही करते."

साहेबांनी तेवढं लिहिलं नाही, म्हणून तिनं सही केली नाही. कागद तसाच पडून राहिला. मुख्य मिस्त्री हसणाऱ्यांत सगळ्यांत पुढे होता, पण चिरलेला फिल्टर त्यानं डोळ्यांनी पाहिला होता. त्यानं न सांगता टाकी उतरवून घासली, आणि जुने रबरी पाइप या इंधनानं फुगतात हे दिसल्यावर तेही बदलले. सात नंबर पुन्हा कामाला लागला. या वेळी बंद पडला नाही.

आता धूर कमी झाला हे दाखवायचं कसं? धूर मोजायचं यंत्र खाणीत नव्हतं, आणि मागितलं असतं तर पुढच्या साहेबाच्या कारकिर्दीत आलं असतं. थेंबाताईनं पांढरे रुमाल आणले. प्रत्येक लोडरवाल्याला रोज एक. पाळीभर नाकातोंडावर बांधायचा आणि वर आल्यावर तिच्याकडे द्यायचा. ते रुमाल ती वाळवून, तराजूवर काजळीचं वजन करून इंधन कक्षाबाहेरच्या भिंतीवर, लोडरच्या नंबराखाली, टाचणीनं लावायला लागली. हजेरीला येणारा प्रत्येक माणूस त्या भिंतीसमोरून जायचा. दहा रुमाल काळेकुट्ट, आणि सात नंबरखालचा राखाडी, फिका.

साहेबांनी चौथ्या दिवशी विचारलं, "ही काय धोब्याची दोरी आहे का? काढा."

"तपासणीचे निकाल आहेत, साहेब. निकाल भिंतीवर लावायचा नियम आहे."

"रुमाल म्हणजे निकाल?"

"यंत्र दिलंत तर कागद लावते."

रुमाल राहिले. आठवड्याभरात तीन नंबरच्या लोडरवाल्यानं येऊन विचारलं, "ताई, माझ्या गाडीला कधी?" मग नऊ नंबरवाल्यानं. मग एक दिवस अकराही जण साहेबांच्या दारात उभे राहिले. साहेबांना आकड्यांची भाषा कळायची, आणि अकरा हा आकडा त्यांना कळला.

पुढचं सगळं भराभर झालं. उपाहारगृहाचं तेल पुरेना, म्हणून एका तेल कारखान्याकडून तयार इंधनाचा टँकर यायला लागला आणि थेंबाताईकडे तो तपासायचं काम आलं. अकराही टाक्या साफ झाल्या. तीन महिन्यांत खालच्या दालनांत समोरचा दिवा दिसायला लागला. आधी तिथे दिव्याच्या जागी नुसता पिवळा डाग असायचा. दीर घरी आला की मोरीत न जाता थेट पाटावर बसायला लागला. नवरा फाटकावरून ऐटीत सांगायचा, "माझ्या बायकोनं खाण धुतली."

साहेबांनी वरच्या कचेरीला अहवाल पाठवला. थेंबाताईनं काढलेले आकडे त्यात होते, तिचं नाव नव्हतं. तिनं ते मनावर घेतलं नाही. पण अहवालाचं शेवटचं पान तिला कुणी दाखवलं नव्हतं, आणि ते पान दोन आठवड्यांनी आपोआप कळलं. एका सोमवारी मनोऱ्याजवळचा आवाज बदलला. कायम घरघरणाऱ्या तीन पंख्यांपैकी एक थांबला होता.

पंखे सांभाळणारा माणूस निवृत्तीला वर्ष उरलेला, शब्द तोलून बोलणारा. तिनं त्याला गाठलं.

"बिघडला का?"

"बिघडला नाही. बंद करायचा हुकूम आहे. धूरच नाही तर तीन पंखे कशाला, असं लिहून आलंय. विजेची बचत." त्यानं इकडेतिकडे पाहिलं. "तुमच्याच आकड्यांवरून, ताई."

ती टेबलाशी परतली आणि वही उघडली. काजळी कमी होते हे तिनं लिहिलं होतं, आणि ते खरं होतं. पण इंजिनातून नुसती काजळी निघत नाही. आतल्या भयंकर उष्णतेत हवेतलाच नत्रवायू जळतो आणि त्याचा एक तिखट वायू तयार होतो. या इंधनानं बाकी सगळं कमी होतं, तेवढा हा एक वायू किंचित वाढतो. वहीच्या दुसऱ्या पानावर, तळाला, बारीक अक्षरात ते होतं. तिनं साहेबांना दिलेल्या कागदातही होतं. पुढे गेलेल्या अहवालातून ती एक ओळ गळाली होती. तीन पंखे चालू असते तर ती गळाल्यानं काही बिघडलं नसतं.

आठवड्यानं दीर आला तो डोळे चोळत. "धूर दिसत नाही वहिनी, पण डोळे चुरचुरतात. दुपारनंतर छातीवर कुणी बसल्यासारखं वाटतं. चार नंबरवाल्याला काल उलटी झाली."

"कोणत्या दालनात?"

"शेवटच्या. पंख्यापासून सगळ्यांत लांब."

आगीतून फुफाट्यात, ती मनात म्हणाली. आणि फुफाट्यात ढकलणारी मी.

दुसऱ्या दिवशी पंखेवाल्यानं तिच्या टेबलावर एक खोकं ठेवलं. त्यात वायू तपासायच्या काचेच्या नळ्या आणि हातपंप होता. नळीतून हवा ओढायची, आतली पूड जिथपर्यंत रंग बदलेल तो आकडा वाचायचा. थेंबाताईनं डोक्यावर दिव्याची टोपी घातली आणि लिफ्टनं खाली गेली. एवढ्या वर्षांत ती खाली उतरली होती ती पिंपं ठेवण्यापुरतीच, लिफ्टजवळ. आता ती मैलभर चालत शेवटच्या दालनात गेली. भिंती गोऱ्यापान दिसत होत्या. हवा स्वच्छ दिसत होती. नळीतला रंग सरकत सरकत सहावर थांबला. तीनच्या वर गेला तर माणसं बाहेर काढायची, असं खाणीच्याच नियमांत होतं. तिनं पुन्हा मोजलं. सहाच. मग एका लोडरमध्ये मुद्दाम जुनं डिझेल भरून त्याच जागी मोजलं. साडेपाच. म्हणजे इंधनानं घातली ती अर्ध्याची भर. बाकी सगळं थांबलेल्या पंख्याचं.

साहेबांनी आकडे शांतपणे वाचले. "बाई, जरा बसा. हे तुम्ही बाहेर काढलंत तर काय होईल सांगू? वरची कचेरी म्हणेल, हे इंधनच विषारी. सगळं बंद. परत जुनं डिझेल, परत काळे रुमाल. तुमचंच मूल तुम्ही तुमच्या हातानं विहिरीत टाकणार?"

हा घाव बरोबर बसला.

"पंखा लावा. मग काहीच बाहेर काढायला नको," ती म्हणाली.

"तो निर्णय वरून झालाय. मी काय तोंडानं सांगू, की मी अर्धाच अहवाल पाठवला?"

"त्याच तोंडानं सांगा."

"बाई, चोवीस वर्षं इथलं मीठ खाताय. खाल्ल्या मिठाला जागावं माणसानं."

"मीठ खाणीतलं आहे, साहेब," थेंबाताई उठत म्हणाली. "आणि ते काढणारे खाली आहेत. मी त्यांनाच जागतेय."

घरी तिनं सगळं सांगितलं. दीर घाबरला. त्याला धुराचे दिवस पुन्हा नको होते. "वहिनी, डोळे चुरचुरणं परवडलं. काजळीपेक्षा बरं. आपलेच दात, आपलेच ओठ. कशाला बोलायचं?"

"तुम्हाला दिसत नाही म्हणून बरं वाटतंय, भाऊजी. तुमच्या दादांनाही पहिली दहा वर्षं बरंच वाटत होतं."

नवरा खिडकीपाशी बसून ऐकत होता. बोलायला त्याला दम लागायचा, म्हणून तो शब्द जपून वापरायचा. "किल्ली कुणाकडे असते?" त्यानं विचारलं.

"कसली?"

"इंधन कक्षाची."

तिनं त्याच्याकडे पाहिलं. एवढ्या वर्षांच्या संसारात दोघांना एकमेकांचं अर्धं वाक्य पुरायचं.

सकाळच्या पाळीला अकरा लोडरवाले आपापली पिंपं भरून घ्यायला आले तेव्हा इंधन कक्षाचं दार कुलूपबंद होतं आणि दारात स्टूल टाकून थेंबाताई बसली होती. मांडीवर किल्ली. भिंतीवर रुमालांच्या शेजारी तिनं नवा कागद लावला होता. त्यावर दोनच गोष्टी होत्या: काजळी किती घटली तो आकडा आणि वायू किती वाढला तो आकडा. खाली एक ओळ: पंखा सुरू होईपर्यंत इंधन नाही.

"ताई, हे काय?" तीन नंबरवाल्यानं विचारलं.

"वाच. समजलं नाही तर विचार."

त्यानं वाचलं. बाकीच्यांनी वाचलं. चार नंबरवाला, ज्याला उलटी झाली होती, तो सगळ्यांत जास्त वेळ वाचत राहिला. मग जाऊन सावलीत बसला. एकेक करत बाकीचेही बसले. दीर शेवटी बसला, वहिनीच्या स्टुलाजवळच, तोंड पाडून.

साडेआठला साहेब आले. मागे कचेरीतले दोन कारकून.

"किल्ली द्या."

"नाही."

"ही शिस्तभंगाची कारवाई होईल, कळतंय ना? कुठल्या अधिकारात अडवताय?"

दाराच्या चौकटीवर खाणीच्या सुरक्षा नियमांची पत्र्याची पाटी होती. गंजलेली, कोपऱ्यात कोळिष्टक. तिथून रोज शंभर माणसं जायची, पण ती वाचायला कुणी मान वर करत नसे. थेंबाताईनं आदल्या दिवशी ओल्या फडक्यानं ती पुसली होती. तिनं वर न बघता म्हटलं, "नियम चौदा. इंधन देणाऱ्यास त्याच्या वापराने जमिनीखालील कामगारांस धोका आहे असे वाटल्यास, तपासणी होईपर्यंत त्याने इंधन रोखावे. 'रोखू शकतो' असं नाही, साहेब. 'रोखावे' असं आहे. मी दिलं तर शिस्तभंग होईल."

साहेबांनी मान वर करून वाचलं. कारकुनांनीही वाचलं. एकाचे ओठ हलत होते.

"दुसऱ्या टाकीतलं जुनं डिझेल द्या मग."

"त्यानं साडेपाच येतं. कागदावर आहे. इंधन कुठलंही घाला, पंखा लागणारच."

साहेब गेले. दहा वाजले, अकरा वाजले. लिफ्ट उभी, मीठ वाहून नेणारे पट्टे थांबलेले, आणि खाणीत कधी नव्हे ती शांतता. आचाऱ्यानं सगळ्यांना चहा पाठवला. कुणी सांगितलं नव्हतं. थेंबाताईच्या मनात नोकरीचा विचार येत होता. त्याहून जास्त वाटत होतं की साहेब म्हणाले तेच झालं तर? उद्या पंखा लागला आणि इंधन गेलं तर? तिनं पुन्हा पुन्हा हिशेब केला आणि प्रत्येक वेळी उत्तर एकच आलं: अर्धं खरं सांगून वाचवलेलं इंधन तिला नको होतं.

साडेबाराला पंखेवाला कचेरीकडून येताना दिसला. नेहमीप्रमाणे हळू चालत, पण आज मान वर होती. तो थेट मनोऱ्यामागे गेला. एक खट्कन आवाज झाला, मग घरघर, आणि पत्र्याचं छप्पर ओळखीच्या तालात थरथरायला लागलं. थेंबाताईनं आणखी तासभर वाट पाहिली. नळ्या घेऊन खाली गेली आणि शेवटच्या दालनात मोजलं. दोन. वर आली, कुलूप काढलं, आणि पंपाची नळी सगळ्यांत आधी सात नंबरच्या पिंपाला लावली.

साहेबांनी सूड घेतला नाही असं नाही. पंधरा दिवसांत तिची बदली भांडारात झाली, हातमोजे आणि दोरखंड मोजायला. इंधन कक्षात कारखान्याचं प्रमाणपत्र वाचून सही करणारा एक तरुण पदवीधर आला. आठ महिने ती भांडारात होती. या काळात तिनं एक पत्र लिहिलं, खाणींच्या सरकारी निरीक्षकांना, दोन्ही आकड्यांसकट. उत्तर आलं नाही. तिनं तेच पत्र पुन्हा लिहिलं. चौथ्या पत्रानंतर निरीक्षक बाई स्वतः आल्या, मोजणीची पेटी घेऊन. दोन दिवस खाली राहिल्या. त्यांचे आकडे आणि थेंबाताईचे आकडे यांत दशांशाचा फरक होता.

इंधन बंद झालं नाही. हुकूम निघाला तो असा: तिन्ही पंखे कायम चालू, वायूची मोजणी रोज, आणि इंजिनात इंधन सुटायची वेळ मिस्त्रींनी किंचित पुढे ढकलायची, म्हणजे आतली उष्णता आणि तो वायू दोन्ही उतरतात. मोठ्या साहेबांची बदली झाली. बढतीवर झाली, हेही सांगायला हवं. नवऱ्याची छाती काही सुधारली नाही. त्याला आता एक जिनाही जड जातो, आणि त्याबद्दल कुठल्याही कागदात एक ओळ नाही. थेंबाताई त्यावर अजून लिहिते आहे. सातवं पत्र गेल्या महिन्यात गेलं.

नव्या साहेबांनी तिला इंधन कक्षात परत आणलं, आणि या वेळी तिच्या पदापुढचा 'मदतनीस' शब्द काढला. ती परतली त्या सकाळी टँकर दारात उभा होता, प्रमाणपत्र पदवीधराच्या हातात, सही झालेली. तिनं पिशवी खुंटीला अडकवली, नमुना घेतला, वाटीत तापवायला ठेवला आणि वर छोटी ज्योत फिरवत राहिली. दीडशेपर्यंत काही व्हायला नको होतं. नव्वदलाच भपकन निळी ज्योत उठली. इंधन नीट धुतलं नव्हतं, मिथेनॉल तसंच आत राहिलं होतं. आणि असली पिंपं खाली जाणार होती.

"पण ताई, प्रमाणपत्र आहे," पदवीधर म्हणाला.

"ते पेटवून बघ, किती अंशाला पेटतं," ती म्हणाली, आणि टँकरवाल्याला गाडी वळवायला सांगायला बाहेर गेली.